गुरुवारचा हादरा

— हाताच्या नसा ठीक आहेत तुमच्या. गोळी देत नाही. झोप घेत जा.

— काका, हललं! विमान हललं! बघितलं का?

— उद्या गुरुवार, लाइट जाईल. पाणी आजच चढवून ठेव.

— चालत्या मशीनला हात लावायचा नाही. आधी हे शिक, मग पाना धर.

— नुसतं दिसायला सारखं नकोय आम्हाला. आत काय आहे ते सांगा.

— साहेब म्हणतात, शनिवारपर्यंत विचार करा. मी म्हटलं, विचार करूनच आलोय.

(चिखलीतला एक गाळा. गुरुवार, दुपार. गल्लीतली पत्रा ठोकणारी सगळी प्रेस-शॉप बंद. भिंतीला टेकून उभं, कपाटाएवढं, जुन्या पार्लरमध्ये असायचं तसं व्हिडिओ गेमचं मशीन. बबनराव खेळताहेत. लहानपणचे मित्र धम्मरत्न आणि सिद्धेश मागे उभे.)

बबनराव: ...म्हणून म्हटलं, आज जाऊ. प्रेसच्या दणक्यात या कानाला काय समजत न्हाई. आज कसं, गोळीचा आवाज बी येतोय. व्हय रं धम्मा, आवाज आपल्याच मशीनचा हाय.

धम्मरत्न: तुमच्या जळलेल्या बोर्डावरूनच उतरवलाय काका. एकेक चिप बघून. आवाज दुसरा कुठून येणार?

बबनराव: माझ्या पार्लरला किती पोरं यायची तवा. पत्र्याची शेड, मधी एक भिंत, पलीकडं मालोजीशेठची प्रेस. पोरं भिंतीला कान लावून उभी. प्रेस पडली की लाइट दबायची, दुश्मनाच्या गोळ्या हवेत थबकायच्या आन विमान थरथरायचं. तेवढ्यात घुसायचं. हा धम्मा तर प्रेसच्या आधी घुसायचा, लेकाला कसं कळायचं काय म्हाईत.

धम्मरत्न: प्रेस पडायच्या आधी क्लचचा आवाज यायचा काका. बारीक. कट् असा.

सिद्धेश: आणि गुरुवारी कंपनीवाले यायचे, सुट्टीचे. प्रेस बंद, गेम सरळ चालायचा, आणि सगळे आपटायचे. आपण बाकावर बसून हसायचो.

बबनराव: त्येच की. गुरुवारचा गेम लय अवघड. म्हणून म्हटलं, आज खेळून बघू. हल्ली गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट काढत्यात, आज लाइट बी हाय. नशीबच म्हणायचं, गुरुवारची लाइट... हं... हे गेलं... हां, आता ह्यो मोठा आला... आलं! घुसलो बघ!

धम्मरत्न: काय आलं?

बबनराव: हादरा. गोळ्या थबकल्या, मी घुसलो. हाताला सवय हाय अजून. काय समजलास?

धम्मरत्न: काका, आज प्रेस बंद आहेत.

बबनराव: मग काय झालं?

धम्मरत्न: हादरा आला कुठून?

सिद्धेश: व्होल्टेज असेल राव. कुणीतरी वेल्डिंग लावलं असेल.

धम्मरत्न: येताना बघितलं मी. सगळ्या शटरला कुलपं आहेत.

सिद्धेश: मग त्या मागच्या सोसायटीची लिफ्ट. बोअरची मोटर. कायपण असू शकतं.

धम्मरत्न: खेळत राहा काका. मी भिंतीवरच्या प्लगला मीटर लावतो, लाइट दबली तर आकडा पडेल.

बबनराव: खेळतो की. मला काय, फुकटचा गेम हाय. आयुष्यभर दुसऱ्यांना खेळवलं... पुन्हा! पुन्हा हललं बघ!

धम्मरत्न: आकडा जागचा हलला नाही.

सिद्धेश: तो मीटर जुना आहे तुझा.

धम्मरत्न: मीटर कंपनीतला आहे. मागच्या महिन्यात तपासून आणलाय. सरक जरा, मागचा पत्रा काढतो.

सिद्धेश: धम्मा. चालत्या मशीनला हात लावायचा नाही. तूच म्हणतोस ना? तीन महिने म्हणतोयस.

धम्मरत्न: चालतंय का तेच बघतोय.

सिद्धेश: अरे पण काका खेळतायत. नंतर बघू. चहा घेऊ आधी.

धम्मरत्न: सरक.

सिद्धेश: ऐक ना. उघडायच्या आधी माझं ऐकून घे.

धम्मरत्न: चार स्क्रू आहेत. तोवर बोल.

सिद्धेश: असं नको. खाली बस.

धम्मरत्न: दोन निघाले.

सिद्धेश: धम्मा...

बबनराव: तुमी दोघं काय करताय माझ्या पाठीमागं? मला मागं वळता यायचं न्हाई, हिकडं मोठं विमान आलंय.

धम्मरत्न: सिद्ध्या. हे काय आहे?

सिद्धेश: सांगतो.

धम्मरत्न: हा काड्यापेटीएवढा डबा. याला माझ्या वायरी कशाला लावल्यात?

सिद्धेश: छोटा कॉम्प्युटर आहे.

धम्मरत्न: ते दिसतंय मला. माझा बोर्ड कुठे आहे?

सिद्धेश: रॅकच्या खाली. खोक्यात. व्यवस्थित गुंडाळून ठेवलाय, एक टाका पण हललेला नाही.

धम्मरत्न: व्यवस्थित.

बबनराव: मेलो. शेवटचं विमान गेलं. आता सांगा, झालंय काय? शिद्या, असा पांढरा का पडलास?

धम्मरत्न: तुम्ही खेळत होता ते मशीन नव्हतं काका.

बबनराव: म्हंजी? हे काय मग, फ्रीज हाय?

सिद्धेश: काका, मी सांगतो. धम्माने काय केलं होतं, तुमच्या मशीनचा बोर्ड जसाच्या तसा पुन्हा बनवला होता. चिपा तशाच, ट्रान्सफॉर्मर तसाच, गेम त्या बोर्डाच्या पोटातून चालायचा. मी काय केलं, त्या बोर्डासारखं वागणारा प्रोग्राम लिहिला. तो या डब्यात चालतो. पडद्यावर गेम तोच. एक ठिपकासुद्धा वेगळा नाही.

बबनराव: म्हंजी बहुरूपी.

सिद्धेश: तसं नाही हो.

बबनराव: तसंच की. पोलिसाचा ड्रेस घालून दारात उभा राहतो, शिट्टी मारतो, बायकांना दम देतो. पोरं घाबरत्यात बी.

सिद्धेश: घाबरतात ना पण? मग झालं. त्यांच्यासाठी तो पोलीसच.

धम्मरत्न: तो बहुरूपी जाताना सांगतो, मी बहुरूपी. सांगून दक्षिणा मागतो. तू सांगितलंस का?

सिद्धेश: सांगणार होतो.

धम्मरत्न: कधीपासून आहे हे आत?

सिद्धेश: उद्घाटनापासून.

धम्मरत्न: उद्घाटनापासून म्हणजे, काका आले, पार्लरची सगळी जुनी पोरं आली, त्या रविवारी?

सिद्धेश: हो.

धम्मरत्न: त्याच रविवारी?

सिद्धेश: अरे हो. सकाळी मी आधी आलो, तू विहारात होतास. मी लावून बघितला बोर्ड. चित्र मध्येच थिजलं, लटकला. बंद करून पुन्हा लावला, पुन्हा लटकला. तासाभरात काका येणार, पंधरा-वीस माणसं येणार, आम्रपाली वहिनी एवढं मोठं पोह्यांचं पातेलं घेऊन येणार. काय करायला पाहिजे होतं मी?

धम्मरत्न: फोन करायचास.

सिद्धेश: करून काय सांगू? दोन वर्षं तू त्या बोर्डाला चिकटून होतास. चार वेळा नव्याने बनवलास. कधी चालायचा, कधी लटकायचा. फोन करून सांगू, आज पण लटकला? तुला बघवलं नसतं. खरं सांगतो, मला बघवलं नसतं.

धम्मरत्न: आणि तो डबा? तो तिथल्या तिथे तासाभरात बनवलास?

सिद्धेश: माझ्याकडे होता आधीचा. मी असंच करून ठेवला होता.

धम्मरत्न: आणि हादरा? तो पण असाच?

सिद्धेश: तो... तो प्रोग्राममध्ये टाकला होता. मधूनमधून येतो. ठरलेला वेळ नाही. इथे दिवसभर कुठली ना कुठली प्रेस पडतच असते. लोकांना वाटायचं, त्याच्यामुळेच.

बबनराव: मला बी वाटलं. मी तर रडलो हुतो त्या दिवशी. सगळ्या पोरांसमोर. प्रेस पडली, विमान थरथरलं, आन मला मालोजीशेठची ती शेड दिसली. मग म्या रडलो त्ये कशावर?

सिद्धेश: गेमवर काका. गेम खोटा नव्हता.

बबनराव: हादरा खोटा हुता ना. म्या हादऱ्यावर रडलो.

धम्मरत्न: गुरुवार विसरलास तू.

सिद्धेश: विसरलो नाही. गुरुवारी इथे लाइट नसते म्हणून...

धम्मरत्न: विसरलास. तुझी सुट्टी आता शनिवार-रविवार. बाराही महिने एसीत बसतोस, तुला गल्ली कधी बंद असते ते माहीत असायचं कारण नाही. ज्याच्या अंगात गुरुवार आहे त्याने हादऱ्याला सुट्टी दिली असती.

सिद्धेश: बोल. बोलून घे सगळं.

धम्मरत्न: बटण दाबलं की विमान मागून यायचं.

सिद्धेश: काय?

धम्मरत्न: तीन महिने. मी बटण दाबायचो, गोळी जरा मागून सुटायची. एवढुसं. दुसऱ्या कुणाला कळणार नाही एवढं. मला वाटलं माझा हात मंद झाला.

सिद्धेश: थोडा लॅग असतो त्याच्यात. जवळजवळ काढला होता मी.

धम्मरत्न: मी तुला विचारलं होतं. इथेच, याच स्टुलावर बसून. म्हटलं सिद्ध्या, हात मागे पडतोय का रे माझा? तू काय म्हणालास?

सिद्धेश: आठवत नाही.

धम्मरत्न: म्हणालास, वय झालं भावा आपलं.

सिद्धेश: चेष्टेत म्हणालो असेन.

धम्मरत्न: मी डॉक्टरकडे गेलो. हात दाखवून आलो. आम्रपालीला न सांगता. माझ्या वडिलांचे हात पन्नाशीला थरथरायला लागले होते, तुला माहीत आहे. तू त्यांना चहाची बशी धरून द्यायचास. तुला माहीत होतं आणि तू म्हणालास, वय झालं.

बबनराव: शिद्या, हे वाईट केलंस.

सिद्धेश: डॉक्टरचं मला माहीत नव्हतं काका. शपथ घेऊन सांगतो.

धम्मरत्न: आणि निरंजन? ऑर्डर द्यायच्या आधी बंगळुरूहून एवढ्या लांब मशीन बघायला आला. पहिलं वाक्य काय होतं त्याचं? नुसतं दिसायला सारखं नकोय, आत काय आहे ते सांगा. मी कॅमेऱ्यासमोर उभा राहून सांगितलं, आत प्रोग्रामची नक्कल नाही, खरा बोर्ड आहे, हाताने बनवलेला. माझं नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं. कॅमेरा कुणाच्या हातात होता?

सिद्धेश: माझ्या.

धम्मरत्न: तू म्हणालास, अजून एकदा बोल, जरा हसून बोल.

सिद्धेश: मी तोवर बोर्ड दुरुस्त करणार होतो धम्मा. गुपचूप बसवून टाकणार होतो. ऑर्डर पुढच्या महिन्यातली आहे. वेळ होता आपल्याकडे.

धम्मरत्न: माझ्याकडे नव्हता.

सिद्धेश: का?

धम्मरत्न: राजीनामा दिलाय मी.

सिद्धेश: कसला राजीनामा?

धम्मरत्न: कंपनीचा. कसला म्हणजे? शनिवारी शेवटचा दिवस.

सिद्धेश: वेडा आहेस का? पर्मनंट आहेस तू!

बबनराव: महाळुंग्याची पर्मनंट सोडली? आरं लोकं देवाला नवस बोलत्यात त्यासाठी.

धम्मरत्न: आम्ही नवस बोलत नाही काका. म्हणून सोडता आली असेल.

बबनराव: थट्टा करू नकोस. आम्रपालीला ठाऊक हाय?

धम्मरत्न: नाही.

बबनराव: आरं बाबा.

धम्मरत्न: शनिवारी सांगणार होतो. तिला इथे आणून, मशीनसमोर उभं करून. म्हणणार होतो, तुझ्या वडिलांनी पर्मनंट बघून तुला दिली, आता हे बघ, हे माझं. तू खेळ. प्रेस पडायची वाट बघ आणि घूस. तिला मी कधी शिकवलं नाही. शनिवारी शिकवणार होतो.

सिद्धेश: मला सांगायचंस तरी. राजीनाम्याआधी एकदा विचारायचंस.

धम्मरत्न: तुला? तू रोज सांगत होतास, मशीन एकदम टकाटक आहे. मेंटेनन्सवाला माणूस आहे मी. तीन महिने एकही ब्रेकडाउन नाही म्हटल्यावर मी राजीनामा देणारच. तोच तर माझा हिशेब होता. कंपनीत एवढी वर्षं हेच केलं, जे मशीन तीन महिने न थांबता चालतं त्याच्यावर लाइन उभी करायची.

सिद्धेश: मग उघडून बघायचंस की एकदा! तीन महिन्यांत एकदा पत्रा काढला असतास तर...

धम्मरत्न: चालत होतं ना.

बबनराव: शिद्या, आता त्याच्यावरच ढकलू नको.

सिद्धेश: नाही ढकलत. पण काका, तुम्ही पण बघा ना. तीन महिने हा खेळला. तुम्ही खेळलात. निरंजन खेळला, त्याच्याकडे अशी चाळीस मशीन्स आहेत. कुणाला कळलं? एकाला तरी कळलं? आणि मी काय ऐकत आलोय? सिद्ध्याचं काम म्हणजे नाटक. सिद्ध्याच्या बोटाला कधी चटका बसलाय का? सगळ्यांसमोर म्हणायचा हा. वहिनींसमोर, माझ्या बायकोसमोर. मी पण दोन वर्षं जागलोय राव. एकेक चिप कशी वागते ते मी पण वाचलंय. हादरा लिहायला मला किती दिवस लागले माहीत आहे? लाइट दबल्यावर आधी काय थबकतं, मग काय हलतं, तुझ्या बोर्डावरूनच शिकलो मी ते. आणि त्या रविवारी तू सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवल्यास.

धम्मरत्न: वाजवल्या.

सिद्धेश: मला मिठी मारलीस.

धम्मरत्न: मारली. म्हणजे तू माझ्याशी खेळत होतास.

सिद्धेश: नाही रे.

धम्मरत्न: आणि जिंकत होतास.

सिद्धेश: तसं नव्हतं. बोर्ड लटकला म्हणून लावला. बाकीचं आत्ता रागात बोललो.

धम्मरत्न: बरं.

बबनराव: पाणी पी धम्मा. बस जरा.

धम्मरत्न: बसायला वेळ नाही काका. उद्या फर्स्ट शिफ्टला जाऊन साहेबांना भेटतो. शनिवारपर्यंत विचार कर म्हणाले होते, तेव्हा हसलो होतो मी त्यांना. उद्या हात जोडीन. निरंजनला आत्ताच कळवतो, की मी सांगितलं ते खोटं होतं.

सिद्धेश: तू खोटं नाही बोललास. मी बोललो. मी कळवतो त्याला.

धम्मरत्न: तोंड माझं दिसतंय त्या व्हिडिओत.

सिद्धेश: धम्मा, मी डबा काढतो. आत्ता काढतो. नोकरी सोडू नकोस, रजा टाक, आपण दोघं बसून...

धम्मरत्न: गाळ्याची किल्ली ठेव इथे.

सिद्धेश: असं करू नकोस.

धम्मरत्न: ठेव. घरची पण. पाठीमागच्या दाराची आहे तुझ्याकडे.

बबनराव: दे रं. आज दे. उद्याचं उद्या बघू.

सिद्धेश: ही घे.

धम्मरत्न: तुझा डबा पण घे. चांगला चालतो. कुणाला तरी सांगून विक.

सिद्धेश: नकोय मला.

धम्मरत्न: काका, तुमच्या पायाशी तो खोका आहे ना, तो जरा इकडे सरकवा.

बबनराव: ह्यो? हलका हाय की. काय करतोस?

धम्मरत्न: भैरू भंगारवाला उद्या सकाळी गल्लीत येतो. त्याला देऊन टाकतो. तांबं निघेल थोडं, चिपा तो बघून घेईल.

बबनराव: दोन वर्षांचं काम भंगारात?

धम्मरत्न: दोन वर्षं लटकतच होतं काका. मलाच दिसत नव्हतं. कंपनीत असं मशीन असतं तर मी पहिल्या महिन्यात लिहून दिलं असतं, बाद करा. दोनदा लावला, दोनदा लटकला. तेही पाहुणे यायच्या वेळी. आता काय ठेवायचं त्याच्यात?

सिद्धेश: भैरूला देऊ नकोस.

धम्मरत्न: तुझा काय संबंध?

सिद्धेश: एकदा लावून बघ फक्त.

धम्मरत्न: कशाला? तूच म्हणालास ना लटकला म्हणून?

सिद्धेश: हो. पण देऊ नकोस.

धम्मरत्न: सिद्ध्या, किल्ली दिलीस, आता जा. माझ्या हातून काहीतरी होईल.

सिद्धेश: जातो. खोका बांधू नकोस.

धम्मरत्न: का पण?

बबनराव: बोल की लेका. का?

सिद्धेश: त्या रविवारी मी बोर्ड काढला, तेव्हा तो नीट चालत होता. लटकला नव्हता.